घास गिळण्याआधी तोंडात काय घडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर कशाला दिलंय ते वाचणाऱ्यांनाही कळेल. सासरे ७१ वर्षांचे, साखरेचा त्रास आहे. ६ महिन्यांपूर्वी वरची-खालची पूर्ण कवळी बसवली, पण जेवायला बसले की ते ती काढून डब्यात ठेवतात. मग भाकरी दुधात कुस्करून आणि भात आमटीत कालवून गिळतात. मुलगा ७ वर्षांचा. तो घास तोंडात दोनदा फिरवतो आणि पाण्याच्या घोटाबरोबर ढकलतो. सासूबाई म्हणतात एक घास ३२ वेळा चावायचा. यजमान म्हणतात पोटात जाऊन सगळं एकच होतं, हवं तर मिक्सरला लावा. आणि तुम्ही विचारताय की चावण्यानं खरंच काही होतं का, की ही नुसती जुनी शिस्त आहे.

कोल्हापुरात दातांचा दवाखाना चालवून मला २६ वर्षं झाली. तुमच्या यजमानांचं म्हणणं मी जवळजवळ रोज ऐकते आणि ते मला पटत नाही. मिक्सर चावण्यातलं एकच काम करतो, तुकडे करण्याचं. बाकीची कामं त्याला येत नाहीत.

काही वर्षांपूर्वी कागलकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा काढून चार वर्षं झाली होती, समोरचे दात शाबूत. दुखत काहीच नव्हतं. मग आलात कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर, पोट भरतंय, पण जेवल्यागत वाटत न्हाई." इतकी नेमकी तक्रार मी त्याआधी ऐकली नव्हती. चावण्याचा अर्थ काय, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात आहे, ते उलगडून सांगते.

आधी यंत्र बघा. पटाशीचे दात तुकडा तोडतात, सुळे फाडतात, उपदाढा आणि दाढा दळतात. आपण चावणं म्हणजे जबडा वर-खाली होणं समजतो, पण आरशासमोर उभं राहून भाकरीचा घास चावून बघा. खालचा जबडा बाजूला जातो, वर येतो, घासत मध्ये येतो, पुन्हा खाली जातो. जात्यासारखंच, फक्त जात्यात वरचा दगड फिरतो आणि तोंडात खालचा. आणि जात्याला दाणा घालणारा हात लागतो ना, तो हात म्हणजे जीभ आणि गाल. दळलेलं दाढेवरून घसरलं की आतून जीभ आणि बाहेरून गाल ते पुन्हा दाढांमध्ये ढकलतात. लकवा झालेल्या माणसाच्या एका गालात घास साठून राहतो, तो याचमुळे. दाढा असतात, पण घालणारा हात थकलेला असतो.

लोकांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. दात हाडात भिंतीतल्या खिळ्यासारखा घट्ट ठोकलेला नसतो. तो बारीक तंतूंनी हाडाला टांगलेला असतो आणि त्या तंतूंत संवेदना असते. म्हणून भातातला वाळूचा कण, डाळीतला खडा, मटणातली हाडाची कपची, जिभेला सापडायच्या आधी दाताला कळते आणि जबडा तिथल्या तिथे थांबतो. दाढांच्या जागी माणूस ५०-६० किलोचा जोर लावू शकतो, पण उकडलेलं रताळं चावताना तो लावत नाही. प्रत्येक घासाला किती जोर द्यायचा, हे पहिल्या एक-दोन चावण्यांतच ठरतं. दात नुसते हत्यार नाहीत, ते अन्न चाचपून बघतात.

मग लाळ. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी कानापुढे, चावण्याच्या स्नायूला लागूनच. जबडा चालला की लाळ सुटते. झोपेत ती जवळजवळ थांबते, म्हणून सकाळी तोंड चिकट लागतं. लाळेतला पाचक रस पिठूळ पदार्थाची साखर करायला लागतो. यासाठी प्रयोगशाळा नको. पांढऱ्या भाताचा घास आमटी न घालता घ्या आणि मिनिटभर चावत राहा. गोड लागायला लागेल. पोटातल्या आम्लानं हा रस पुढे निकामी होतो, पण घासाच्या आतल्या भागात तो काही वेळ काम करत राहतो. तरी माझ्या मते लाळेचं मोठं काम वेगळंच आहे. दळलेल्या कोरड्या चुऱ्याला ती एकत्र बांधून गुळगुळीत गोळा करते. हा गोळा झाल्याशिवाय सुरक्षित गिळता येत नाही. कोरडी भाकरी किंवा शेंगदाण्याचा कूट तोंडात टाकून लगेच गिळायचा प्रयत्न केला तर ठसका लागतो, तो याचसाठी. शिवाय हीच लाळ जेवणानंतर दातांवरचं आम्ल धुऊन काढते. तुमचा मुलगा पाण्यानं घास ढकलतो तेव्हा गोळा व्हायच्या आतच चुरा वाहून जातो.

आता "जेवल्यागत वाटत न्हाई" याकडे. आपण ज्याला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग वास असतो आणि तो नाकपुड्यांतून नाही, तर घशाच्या मागून वर जातो. चावताना अन्न फुटतं, गरम होतं, त्यातला सुगंध मोकळा होतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मागच्या वाटेनं नाकात पोहोचतो. सर्दी झाल्यावर तांबडा रस्सा नुसता तिखट लागतो आणि कांदा-लसूण मसाल्याची बाकी सगळी गंमत जाते, ती यामुळे. नाक चिमटीत धरून गुळाबरोबर थोडे भाजलेले शेंगदाणे चावा. फक्त गोड लागेल. मग नाक सोडा. भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा एकदम येईल. न चावता गिळणाऱ्याला हा खमंगपणा मिळतच नाही. त्या शेतकऱ्याचं पोट भरत होतं, पण अन्न त्याच्या तोंडात उघडत नव्हतं.

आणि पोटालाही वर्दी हवी असते. पाव्हलॉव्ह हे रशियन शास्त्रज्ञ बहुतेकांना घंटा आणि कुत्र्यामुळे माहीत आहेत, पण १९०४ चा नोबेल पुरस्कार त्यांना पचनावरच्या कामासाठी मिळाला. त्यांनी अशी व्यवस्था केली होती की कुत्र्यानं खाल्लेलं अन्न पोटात न जाता गळ्यातूनच बाहेर पडावं. पोट रिकामं, तरी त्यात पाचक रस भरपूर सुटत होता. कारण तोंड चालू होतं. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी लवकर हलती व्हावीत म्हणून काही ठिकाणी रुग्णाला च्युइंगगम चघळायला देतात, त्यामागेही हाच विचार आहे. पोट भरल्याची जाणीव यायला १५-२० मिनिटं लागतात. पाच मिनिटांत ताट रिकामं करणाऱ्याला ती जाणीव येईपर्यंत तिसरी भाकरी संपलेली असते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण तुमच्या घरी साखर आहे. "बारीक चावलं की साखर आटोक्यात राहते" असं कुणी सांगत असेल तर ते तितकं सरळ नाही. भात जितका बारीक होईल तितकी त्याची साखर लवकर रक्तात उतरू शकते. फायदा होतो तो वेगळ्या वाटेनं. सावकाश चावणारा कमी जेवतो आणि ज्याला चावता येतं तो कोशिंबीर, पालेभाजी, मोडाची उसळ, मटण खाऊ शकतो. ज्याला चावता येत नाही तो मऊ भात, पाव, दूध-भाकरी, बिस्किटं यांवर येतो. दाढा गेल्यावर ताट कसं बदलत जातं, हे मी शेकडो घरांत पाहिलं आहे. साखरेच्या माणसासाठी ते नुकसान फार मोठं आहे.

३२ च्या आकड्याबद्दल सासूबाईंचा मान राखून सांगते. ३२ दात म्हणून ३२ वेळा, हा हिशेब इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नावावर सांगितला जातो. पुढे अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाच्या गृहस्थांनी त्याची चळवळच केली. घासाचं पाणी होईपर्यंत चावा, दूधसुद्धा तोंडात घोळवा, असं ते सांगत. आपल्याकडची शिकवण मला त्याहून शहाणी वाटते. चरकसंहितेत जेवणाचे नियम आहेत, त्यात फार घाईनं जेवू नये असं आहेच, पण फार रेंगाळत जेवू नये असंही आहे, आणि मन जेवणात ठेवावं असंही. पिकलेल्या केळ्याला ५-७ वेळा पुरतं. ज्वारीच्या भाकरीच्या कडेला २५-३० लागतात. मटणाच्या चिवट तुकड्याला त्याहून जास्त. मोजत बसलं की लक्ष आकड्यावर जातं आणि घास कसा झालाय हे जिभेला विचारायचं राहून जातं. जिभेला एकही टोचरा किंवा वेगळा तुकडा लागत नाही, सगळं ओलसर एकजीव झालंय, असं वाटलं की गिळा. तोंडाला ते कळतं, फक्त वेळ द्यावा लागतो.

तालमीतल्या थंडाईचं उदाहरण मी नेहमी देते. आपल्याकडे पैलवान बदाम नुसते मूठभर तोंडात टाकत नाहीत. भिजवून, सोलून, कुंडीत घालून तासभर घोटतात. का? बदामाचं तेल त्याच्या पेशींच्या कवचात कोंडलेलं असतं. कवच फुटलं तरच ते बाहेर येतं. बदाम कमी चावून खाणाऱ्या आणि भरपूर चावून खाणाऱ्या माणसांची तुलना झालेली आहे. कमी चावणाऱ्यांच्या शौचातून जास्त तेल तसंच बाहेर पडलं. पोटातलं आम्ल आणि आतड्यातले रस हे कवच फारसं फोडू शकत नाहीत. आपले जुने लोक "अंगी लागणं" म्हणतात ते हेच. शेंगदाणे, फुटाणे, तीळ, जवस, सगळ्यांना हे लागू आहे. तेव्हा "पोटात जाऊन सगळं एकच" असं नसतं. यजमान म्हणतील, मग मिक्सरच बरा की. तर थंडाई हे पैलवानाचं जोडीचं खाणं आहे. तिच्यानंतर तो भाकरी आणि मटण चावूनच खातो.

आता सासऱ्यांचं, कारण मला खरी काळजी त्यांची वाटते.

कवळी डब्यात ठेवून जेवणं ही हट्टाची गोष्ट नसते. जवळजवळ नेहमीच ती कुठेतरी टोचत असते, हलत असते किंवा तिच्यामुळे मळमळतं. ६ महिन्यांत एकदाही तिची टोचणारी जागा डॉक्टरांकडून घासून घेतली नसेल तर दोष त्यांचा नाही. नवी कवळी दिल्यावर पहिल्या महिन्यात तीन-चार फेऱ्या लागणं सामान्य आहे. दात काढल्यावर हिरडीखालचं हाड पहिल्या वर्षात भराभर झिजतं, त्यामुळे नीट बसलेली कवळीही काही महिन्यांनी सैल होते. तिला आतून नवा थर देता येतो, नवी करावी लागतेच असं नाही. खालची कवळी वरचीपेक्षा जास्त हलते, कारण तिला टेकायला जागा कमी आणि मध्ये जीभ. ती अगदीच राहत नसेल तर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे धातूचे खुंट, घालून त्यावर अडकवता येते. साखर आटोक्यात असेल तर ७१ वय त्याला आड येत नाही.

अपेक्षा मात्र खरी ठेवा. कवळीनं लावता येणारा जोर स्वतःच्या दातांच्या पाव हिश्श्यापर्यंत, पुष्कळदा त्याहूनही कमी असतो. आणि ते तंतू आता नाहीत, त्यामुळे अन्न चाचपणारी बोटंच गेली. नवी कोल्हापुरी चप्पल पायाला लागते, तेव्हा ती थोडा थोडा वेळ घालून मऊ करतो. कवळी मऊ होत नाही, इथे शिकायचं असतं ते गालांना आणि जिभेला. त्याला ६ ते ८ आठवडे द्या. सुरुवात भाकरीनं नको. मऊ खिचडी, अंड्याची पोळी, शिजलेली दोडक्याची भाजी, मग मऊ पोळी, मग भाकरीचा मधला भाग, शेवटी कड. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, हातानं बारीक तुकडा मोडून घ्यायचा. एकाच बाजूनं चावलं तर कवळी दुसरीकडून उचलते, म्हणून घास अर्धा-अर्धा करून दोन्हीकडे ठेवायचा. हे विचित्र वाटतं, पण महिनाभरात सवय होते. रात्री काढून पाण्यात ठेवायची.

मटणाच्या दिवशी जवळ बसा. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे हाडाची कपची तोंडात कळत नाही आणि रस्सा किती गरम आहे तेही उशिरा कळतं. त्यांच्या ताटात हाडं काढलेलं, बारीक केलेलं मटण किंवा खिमा वाढा. नळी त्यांच्यापुढे नको. जेवताना खोकला येत असेल, आवाज ओला-घोगरा होत असेल, वरचेवर छातीत कफ होत असेल, तर तो कवळीचा प्रश्न नाही, गिळण्याचा आहे. तेव्हा आधी फिजिशियनला दाखवा. लकवा, कंपवात अशा आजारांत मिक्सरमधलं किंवा पूर्ण मऊ जेवण खरंच लागतं आणि तिथे मी ते स्वतः सांगते. अशा वेळीही चमचा लहान, बसून, घास तोंडात थोडा फिरवून.

त्यांचं तोंड कोरडं पडतं का तेही विचारा. वाढलेली साखर आणि अनेक नेहमीच्या गोळ्या लाळ आटवतात, आणि कोरड्या तोंडात कवळी चिकटतच नाही. गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. साखर वाढलेली असेल तर कवळीची जखम भरायलाही वेळ लागतो.

मुलाचं सोपं आहे, पण ओरडण्याआधी तोंडात बघा. ७ व्या वर्षी पुढचे दुधाचे दात पडलेले किंवा हलत असतात, त्यामुळे त्याला तोडायला येत नाही. पेरू, गाजर कापून द्या. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे ६ व्या वर्षाच्या आसपास एक मोठी दाढ येते. काहीही न पडता येते, म्हणून आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची आहे. तिच्यात किंवा दुधाच्या दाढांत कीड असेल तर मूल "दुखतंय" म्हणत नाही, फक्त चावायचं बंद करतं. दुसरं कारण नाक. ज्याचं नाक सतत बंद, जो तोंडानं श्वास घेतो, झोपेत घोरतो, त्याला तोंड मिटून चावता येत नाही. श्वास घ्यायचा की चावायचं, यात तो श्वास निवडतो आणि घास ढकलतो. अशा कितीतरी मुलांना घरी "नीट खात नाही" म्हणून मार बसलेला असतो आणि दुखणं नाकामागच्या वाढलेल्या ग्रंथींचं असतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

दोन्ही ठीक असेल तर उरते ती सवय. वरणभात मिक्सरमधून काढून दीड-दोन वर्षांपर्यंत भरवलेली मुलं मी खूप पाहते. चावणं शिकायचं वय ६ महिन्यांनंतर सुरू होतं. तेव्हा मऊ गुठळ्या, बोटानं चेपतील असे तुकडे मिळाले नाहीत तर पुढे जड जातं. जबड्याच्या वाढीलाही चावण्याचं काम लागतं. मऊ खाण्यावर वाढवलेल्या प्राण्यांचे जबडे लहान राहिल्याचं प्रयोगांत दिसलं आहे आणि दाटीवाटीनं आलेले दात बघताना मला ते सारखं आठवतं. त्याच्यासमोरून पाण्याचा तांब्या उचला, पाणी घास संपल्यावर. मोबाइल बंद. वरणभाताबरोबर रोज एक चावावी लागेल अशी गोष्ट ताटात हवी. भाकरीचा पापुद्रा, काकडी, मुळा, बसून खाल्लेले भाजलेले शेंगदाणे. अख्खे दाणे ५ वर्षांखालच्या मुलाला मात्र देऊ नका, श्वासनलिकेत जातात. हंगामात ऊसही द्या, कापलेली करवी द्या, आणि नंतर चूळ भरायला लावा. उसानं दात साफ होतात असं म्हणतात, पण शेवटी ती साखरच आहे.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की यजमान जेवणानंतर तंबाखू-सुपारीचा मावा चघळतात. त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी आणि तंबाखू चघळून तोंड आखडलेली तिशीतली मुलं माझ्याकडे येतात. गालाची आतली कातडी चामड्यासारखी कडक होते आणि ती पूर्ववत होत नाही. त्यांना त्यांची तीन बोटं, एकावर एक उभी, समोरच्या दातांमध्ये घालून बघायला सांगा. जात नसतील, किंवा तिखटानं तोंड भाजत असेल, किंवा पांढरा-लाल चट्टा दिसत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. यातून कर्करोग होतो. ज्या तोंडाला उद्या भाकरी चावता येणार नाही, ते आज यांच्याच हातानं बंद होतंय, हे त्यांना माझं नाव सांगून सांगा.

सासऱ्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेताना कवळी डब्यातून नेऊ नका, आदल्या दिवसापासून तोंडात घालायला लावा. म्हणजे ती जिथे टोचते तिथे लाल खूण उमटलेली असेल आणि घासायची नेमकी जागा सापडेल. बरोबर चतकोर भाकरी न्या. खुर्चीत बसून रिकामं तोंड मिटायला सांगितलं तर कवळी बरोबरच बसलेली दिसते. ती कुठे उचलते हे भाकरी चावतानाच कळतं.